मागच्या आंगनातली बादली

नाई मॅडम, चहा तर घ्या — ताणाच्या ट्रेनिंगचा फायदा झाला का, हेच इचाराले आल्या ना घरी? झाला ना बाप्पा, फायदाच फायदा! आमचे हे, भाऊराव, तुमच्या वर्गात पयल्या रांगेत बसत — सांगतलं तसं करतेत. फायर ब्रिगेडची नोकरी हाय, ताण होते, मंग सकाळी पोट फुगवून श्वास घेतेत, सोडतेत. नीतू हसते बापाले. मी नाई हसत.

थे मागचं आंगन दिसते का खिडकीतून? नळ हाय, बाजूले कडुनिंब — तिथं आमचा नेम होता. आगीतून, पान्यातून मेलेलं मानूस काढलं, त समोरच्या दारानं घरात यायचं नाई. मागून यायचं, नळापाशी बसायचं, मी बादलीनं पानी टाकायची, कडुनिंबाचा पाला चावायचा — मंगच घरात. सासूनं लावलेली शिस्त, आमच्या भंडाऱ्याकडं मातीहून, मसनातून आल्यावर करतेत तशी. अन् पानी टाकता टाकता हे बोलायचे. मी कदी इचारलं नाई. तोंड भिंतीकडे, पाठ माह्याकडे — कोन होतं, कसं सापडलं, हातात काय धरलं होतं. बोरसी वस्तीतल्या थ्या मेलेल्या म्हातारीनं नातीचं दप्तर सोडलं नोतं, थे तिथंच समजलं मले. मी नुसतं हूं म्हनायची. पानी संपलं का गोष्ट संपली. मंग जेवाले बसायचे, भाजीत मीठ नाई म्हनून भांडायचे बी.

अन् तुमी काय शिकवलं? ‘ड्यूटी का बोझ गेट पर छोड़ो, घर मत ले जाओ.’ बरोबर ना? फायरवाल्याले असं सांगतेत का? त्याले सांगतलं म्हनजे थे ऑर्डर झाली. पाईप धर म्हटलं का धरते, कावून म्हनून इचारत नाई. यायनं तुमची ऑर्डर बी तशीच धरली. आता स्टेशनातच आंघोळ करून येतेत — केस ओले, कपडे साफ, समोरच्या दारानं, जसे काई बँकेतून आले. नंदिनी रोडले भंगारच्या गोदामात मानसं जळाली, सारं भिलाई बोलून राहिलं होतं — अन् घरी इचारलं त काय? ‘काई नाई, कौशल्या. मॅडमनं सांगतलं हाय.’

नाई, बसा — मी तुमाले दोष देऊन नाई राहिली. देऊनच राहिली! कावून नाई देऊ? यायच्या संगच्या गुलाबरावची दारू सुटली तुमच्यानं, थे खरं हाय. त्यायच्या घरी बोलाले कोनी नोतं. यायले होतं ना! मी होती ना! घरी कोन हाय, थे तुमी इचारलंच नाई.

काल बाथरूमचा नळ चालूच. बंद कराले गेली, त आतमंधी हे बोलून राहिले होते — नळासंग. ‘हात दे बाई, हात दे.’ मी दार वाजवलं नाई. मले रडू नाई आलं, राग आला — त्या नळाचा! माही जागा घेतली मेल्यानं. हसा, हसा. मले का थ्या गोष्टी आवडत होत्या? झोप उडायची माही. पन बाकी संसारात आमी काय बोलतो — सिलेंडर आला का, दूध फाटलं का. खरं बोलनं त तेवढंच होतं. जगात कोनाले सांगतलं नाई, थे मले सांगायचे...

जाऊ द्या. एक काम करा — तुमीच ऑर्डर द्या. बायकोचं कोन ऐकते? म्हना, भाऊराव, घरी बोलत जा. एवढंच. आज तलावातून कोनाले तरी काढाले गेले हायेत. बादली भरून ठेवली मी, कडुनिंबाची डगाल तोडून ठेवली. थांबा — स्कूटर. हेच. आता मागून येतेत का पाहू...

समोरूनच आले. केस ओले.

आले का जी? या मॅडम, ट्रेनिंगवाल्या. पाहा मॅडम, तुमाले पाहून कसे ताठ उभे राहिले — साह्यबापुढं राहतेत तसे. ‘सब बढ़िया है, मैडम.’ ऐकलं ना? नाई, आता काई बोलू नका, थे ऑर्डर बी राहू द्या. यायच्यासमोर नाई. हो जी, मी बी थेच सांगतलं — लय फायदा झाला म्हनून.

निंगा तुमी. मले बादलीतलं पानी झाडाले टाकाचं हाय.