तपकिरी रिंगा

केलीय ना, एक केलीय. स्पिरिटवर चालणारी गाडी या रोह्यात माझ्याशिवाय कोणी केलेली नाय, तुम्हाला पत्ता बरोबर मिळाला. माझा धाकटा भाऊ सुजय, त्याचीच गाडी – कुर्ल्याच्या भंगारातलं जपानी इंजिन आणून शर्यतीसाठी बांधलेली. गेल्या वर्षीची गोष्ट, सत्त्याण्णवच्या मार्चातली. बातमी आली तो मंगळवार अगदी साधा होता – मी टेम्पोचं चाक उघडून बसलेलो, चहा येऊन निवलेला – ते राहू दे. बसा, त्या टायरवर बसा, पुसलेला हाय. दाखवा तुमच्या पिचकाऱ्या. इंजेक्टर म्हणा नायतर पिचकारी म्हणा, काम एकच – इंजिनात मोजून तेल उडवायचं.

या लहान हायत साहेब. पेट्रोलला चालतील. स्पिरिटचं कसं हाय – पेट्रोल जिथं दोन वाट्या लागतं तिथं स्पिरिट तीन वाट्या लागतं. लहान पिचकारीतून तेवढं येत नाय, इंजिन उपाशी पळतं, तापतं, पिस्टनला भोक पडतं. मग काय, मिळेल तेवढी मोठी घ्यायची? तसंही नाय. फार मोठी असली की गाडी उभ्या उभ्या ओकते, प्लग भिजतात, सकाळी चालूच होत नाय. दीडपटीची घ्यायची, वर थोडी शिल्लक – कारण गाडी पूर्ण जोरात असली तरी पिचकारीला मिटायला उसंत लागते. सुजयला मी तशीच निवडून दिली होती. लोणच्याच्या चार बरण्या घेतल्या – वैशालीच्या, वैशाली म्हणजे त्याची बायको, ती ओरडली, मेलं माझ्या बरण्यांना वास लागेल – एकेका बरणीत एकेक पिचकारी अर्धा मिनिट सोडली. चारी बरण्यांत तेल एका रेघेत. लोकं म्हणतात मेस्त्रीने मोठी पिचकारी बसवली म्हणून झालं. नाय. पिचकारी बरोबर होती. चूक पिचकारीत नव्हतीच.

कुठं होती? मी चूक म्हटलं का? बरं. हे बघा, तुमच्या पिचकारीच्या गळ्यात काळी रबराची रिंग हाय. पेट्रोलला ती वर्षानुवर्षं टिकते. स्पिरिटात फुगते, मऊ पडते, नि तिथून गळायला लागतं. मला ठाऊक होतं हे. धाटावच्या कंपनीतला काळुराम फिटर, त्यानेच सांगितलं होतं – आमच्याकडे स्पिरिटच्या पाइपाला तपकिरी रिंगा, काळी लावली तर फोरमन कानाखाली देईल. म्हणून तर पेणच्या दुकानातून मागवल्या होत्या. दुकानदार पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देतो, तो इथं आणून देतो, आमची सगळी कामं अशीच चालतात. शनिवारी यायच्या त्या आल्या नाय. मी जुन्याच रिंगांना ग्रीस लावून पिचकाऱ्या बसवल्या, चार वेळा प्रेशर धरून बघितलं, थेंब नाय. पण बघितलं ते पेट्रोलवर. स्पिरिट किती खटपटीने मिळालेलं, ते टेस्टला कोण उडवतो? कोणी मेस्त्री नाय उडवणार. टेस्ट झाल्यावर स्पिरिट भरलं, नि गाडी तीन दिवस तशीच उभी. मंगळवारी दहा वाजता सुजय म्हणाला, दादा, नेऊ का? मी टेम्पोखालून मान पण बाहेर काढली नाय. म्हटलं, निडीपर्यंत जाऊन ये, रिंगा आल्या की दुपारी बदलू.

अकराच्या एसटीने आल्या. सखा कंडक्टरने पाकीट हातात ठेवलं नि म्हणाला, "गोविंदा, आधी बस." त्याची एसटी निडीच्या अलीकडे थांबलेली. लख्ख ऊन – स्पिरिटची आग उन्हात धड दिसत नाय साहेब, धूर नाय, काय नाय. सुजय बॉनेट उघडून उभा होता, तो एकदम अंग झाडायला लागला, झाडत झाडत शेतात धावला. एसटीतल्या माणसांना वाटलं, मधमाश्या लागल्या. सखाने स्वतः सांगितलं मला, रडत सांगितलं – "मीच म्हटलं रे, खिडक्या लावून घ्या."

नाय, पाणी नको, तुम्ही बसा. घरी सगळे समजतात सुजयने घाई करून जुन्या रिंगा घातल्या. मी तसं बोललो नाय हां, कधीच बोललो नाय. मी फक्त गप्प बसलो. मग म्हटलं, गॅरेज बंद करतो, जातो कुठंतरी. वैशाली म्हणाली, "नको भावजी, पाटीवर त्यांचं नाव हाय." आता रोज एक वाजता डबा आणते, तुम्ही बसलात ना, त्याच टायरवर बसते, माझं जेवण होईपर्यंत उठत नाय. म्हणते, "तुम्ही नको म्हटलं असणार, त्यांनीच ऐकलं नसणार." माझी समजूत घालते ती – माझी. घास तोंडात असतो. गिळायचा, दुसरा घ्यायचा. भाजी उरली तर विचारते, बरी नाय झाली का? रविवारी गॅरेज बंद असतं, तर रविवारी घरी बोलावते जेवायला.

किती वाजले? एक? उठा साहेब. पिचकाऱ्या घ्या तुमच्या, मी नाय बसवणार. पेणला जा, दीडपटीच्या मागा, रिंगा तपकिरी मागा, नि टेस्ट स्पिरिटवरच करायला सांगा, वाया गेलं तर जाऊ दे. हे? या ड्रॉवरमधलं? हे पाकीट नाय देता येणार. बंदच हाय ते, तेव्हापासून. ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना – त्या कोपऱ्यावर निळ्या साडीत, ती येतेय बघा. तिला जागा द्या बसायला, नि तिच्याशी काय बोलू नका, सरळ जा.

ये गो वैशाली, बस. गिऱ्हाईक होतं, चाललेत ते. काय नाय गो, रिंगांचं बोलत होतो. बदलायच्या राहिल्या.