शेवटच्या रांगेत

आई : चपला काढून आत तरी ये. दारात उभी राहून काय बोलतेस?

हारिम : जेवायला नाही आले मी. एकच विचारायचंय. दुपारी सभेत तू जे बोललीस, ते तुला कुणी लिहून दिलं होतं?

आई : सभेत? तुला कुणी सांगितलं?

हारिम : मी होते तिथे. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे.

आई : मग भेटली का नाहीस? आणि तुझी ड्युटी? शनिवारी डायलिसिसचे पेशंट जास्त असतात म्हणतेस ना?

हारिम : ड्युटी बदलून घेतली. लिहून दिलं होतं का, ते सांग.

आई : कोण लिहून देणार? ग्वाकसाहेब म्हणाले, हारिमची आई, तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्हीच बोला. सोसायटीचे चेअरमन आहेत, नाही कसं म्हणायचं? मनात होतं ते बोलले. रस्ता ओलांडला की समोर नगरपालिका चौदा मजली भाड्याची घरं बांधणार. तरुण कामगारांसाठी म्हणे. आपला समुद्र दिसायचा बंद होईल. घराचे भाव आधीच उतरलेत, ते आणखी उतरतील. माझ्याकडे या घराशिवाय आहे काय?

हारिम : समुद्राबद्दल तू एक वाक्य बोललीस, भावाबद्दल एक. बाकी सगळं माणसांबद्दल बोललीस.

आई : असं काय बोलले मी?

हारिम : तूच सांग.

आई : म्हणाले, तिथे येणार कोण? ज्यांचा कुठेच जम बसत नाही, तेच लोक. आज इथे, उद्या तिथे. लोक टाळ्या वाजवत होते गं. माझ्या बोलण्यावर आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती.

हारिम : आणि मग तो उठला.

आई : तो नारिंगी डांगरीतला? हो, उठला. मी बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, म्हणे, आणि दर जुलैला मला खोली खाली करावी लागते.

हारिम : कारण घरमालक तीच खोली उन्हाळ्याचे दोन महिने सोलहून पोहायला येणाऱ्यांना देतो. चौपट भाड्याने. तो तेवढे दिवस टेम्पोत झोपतो. सहा उन्हाळे झाले.

आई : तुला गं काय माहीत?

हारिम : तू त्याला काय म्हणालीस?

आई : शब्दन् शब्द कोण लक्षात ठेवतं?

हारिम : मला आठवतोय. हा डिझेलचा वास आमच्या मुलांच्या शाळेच्या वाटेवर नको, म्हणालीस. घर घ्यायची ऐपत नसेल त्याने लग्नाची स्वप्नं बघू नयेत, म्हणालीस. मग म्हणालीस, तुझ्या आईला लाज वाटत असेल.

आई : लोक हसले, त्या भरात तोंडातून गेलं. आणि त्याच्याकडे तरी उत्तर कुठे होतं? वाकून नमस्कार केला आणि खाली बसला.

हारिम : होतं उत्तर. चार पानं लिहून आणली होती त्याने. मी तपासून दिली होती.

आई : तू?

हारिम : त्याचं नाव थेओ.

आई : तुझा थेओ? चुसोकच्या सणाला घेऊन येणार म्हणालीस, तो?

हारिम : तुला त्याचा चेहरा माहीत नव्हता. त्याला तुझा माहीत होता, माझ्या मोबाइलवर तुझाच फोटो आहे. तू माईक हातात घेतलास तेव्हाच त्याने ओळखलं. मला विचारलं, आता बोलू की नको? मी म्हणाले, ऊठ, तुला कुठे आईशी बोलायचंय, नगरपालिकेच्या लोकांना सांग. त्याने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तूच घसरलीस त्याच्यावर.

(आई जमिनीवरच बसते.)

आई : तू का नाही उठलीस?

हारिम : लाज वाटली.

आई : माझी?

हारिम : तुझी वाटली. मग माझीच वाटायला लागली. उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं, की जी घरं तुला नकोत, त्यांच्यासाठी तुझ्याच मुलीने अर्ज केलाय. तुझी मान खाली गेली असती. म्हणून मी त्याची जाऊ दिली.

आई : अर्ज कशाला? हे घर आहे ना.

हारिम : या दोन खोल्यांत तिघं? आणि आमच्या हॉस्पिटलच्या हॉस्टेलमध्ये लग्न झालेल्यांना ठेवत नाहीत. आम्ही दोघांनी बँकेत जाऊन विचारलं, आई. तिथल्या बाईने आमचा पगार बघितला आणि पाणी आणून दिलं. कर्जाचा फॉर्म काढलाच नाही. रात्री बाहेरून ही बिल्डिंग कधी बघितलीस? निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो. मालक सोलला, वर्षातून दोन-चारदा येतात. आणि या सोकचो गावातच रोज कामाला जाणाऱ्यांना इथे जागा नाही.

आई : मला तरी हे घर आयतं मिळालं का? बावीस वर्षं मासळी साफ केली. बोटं हिवाळ्यात अजून वळत नाहीत. तुझे बाबा गेले तेव्हा बाजारामागच्या पत्र्याच्या खोलीत होतो आपण. घरमालकीण तुला जिन्यात खेळू द्यायची नाही. माझ्या कपड्यांना वास येतो म्हणायची, तुझ्यासुद्धा.

हारिम : वास येतो म्हणायची?

आई : हो. म्हणायची.

ग्वाक : हारिमची आई! दार उघडंच आहे, येऊ का? अरे वा, हारिमही आली आहे. ही नासपतीची पेटी, सोसायटीतर्फे. एकंदरीत आजची सभा तुझ्या आईने गाजवली, बरं का. त्या मेकॅनिकची तर बोलतीच बंद केली.

हारिम : ऐकलं मी, काका.

ग्वाक : मी सह्यांची फाइल न्यायला आलो. सोमवारी सकाळी दाखल करायची आहे.

आई : कपाटावर आहे. देते.

ग्वाक : चारशे बारा सह्या, आणि पहिली तुमची. पुढच्या सभेलाही तुम्हीच बोलायचं हं.

आई : बघू.

ग्वाक : बघू नाही, नाव लिहूनच टाकलंय. चला, येतो.

हारिम : गेले?

आई : लिफ्टपाशी आहेत.

हारिम : मी पण निघते.

आई : काय सांगायला हवं होतं मी? तोंडावर? पंधरा वर्षांचे शेजारी आहेत ते.

हारिम : मी काही म्हटलं का? मीसुद्धा खांबामागेच बसले होते.

आई : थांब जरा. जाऊ नकोस. ग्वाकसाहेब! लिफ्ट सोडू नका.

ग्वाक : काय झालं?

आई : फाइल द्या. पेन आहे तुमच्याकडे?

ग्वाक : काही चुकलंय का?

आई : माझी सही खोडायची आहे.

ग्वाक : अहो, पहिलीच सही खोडलेली दिसली तर लोक विचारतील.

आई : विचारू देत.

ग्वाक : कुणी काही बोललं का तुम्हाला?

आई : तो नारिंगी डांगरीतला मुलगा माझा जावई होणार आहे.

ग्वाक : तो? मला... मला माहीत नव्हतं.

आई : मलाही नव्हतं. कळल्यावरच सही खोडतेय, याचीच लाज वाटतेय. दुसऱ्या कुणाचा जावई असता, तर मी आता जेवून निवांत टीव्ही बघत बसले असते.

ग्वाक : बाकीच्या सह्यांचं मी काही करू शकत नाही. सोमवारी फाइल जाणारच.

आई : तुम्ही काही करा असं नाही म्हणत मी.

ग्वाक : पुढच्या सभेच्या यादीतून तुमचं नाव काढतो मग. नासपती राहू द्या, परत आणू नका. आणि... आमचा धाकटा सोलला स्वतःच्या घरात राहतो, असं मी सगळ्यांना सांगतो ना? तळघरातली एक खोली आहे ती. भाड्याची. येतो मी.

हारिम : आई, आत ये. शेजारची दारं उघडायला लागलीत.

आई : येते. तू त्याला फोन लाव.

हारिम : कशाला?

आई : उद्या जेवायला बोलव. मी सुक्या मासळीचा रस्सा करते. भात, किमची, दोन भाज्या.

हारिम : इतक्यात नको.

आई : येणार नाही का तो?

हारिम : येईल. तू बोलावलंस तर येईल, वाकून नमस्कार करेल, पोटभर जेवेल आणि छान झालंय म्हणेल. म्हणूनच इतक्यात नको.

आई : मग मी काय करू?

हारिम : मला नाही माहीत, आई. मलाच त्याच्यासमोर कसं जायचं कळत नाहीये.

आई : बंदरात कुठल्या बाजूला असतो तो?

हारिम : बर्फाच्या कारखान्यामागे. सोमवारी सातला शटर उघडेल. पण त्या वेळी गर्दी असते तिथे. दोन मेकॅनिक, बोटवाले, बर्फ न्यायला आलेल्या बायका. तुला धड बोलताही यायचं नाही.

आई : असू देत. भरल्या सभेत बोलले मी त्याला. निदान तेवढी तरी माणसं असू देत.