मूळ पट्टीत

शर्मिला: हा चौथा कीबोर्ड, हेमाकाकू. यातही तुमचा तो ऑर्गन सापडला नाही, तर मीच तोंडाने आवाज काढून दाखवते.

हेमा: काढ. त्या तिसऱ्यापेक्षा बरा निघेल.

शर्मिला: तिसरा काय वाईट होता? कॉलेजची मुलं विचारत येतात त्याच्यासाठी.

हेमा: त्यांनी खरा ऑर्गन ऐकलेला नाही, म्हणून येतात. त्याचा सूर लावला की शेजारणीने मिक्सर लावल्यासारखं वाटतं. मला थरथर हवी. सूर धरून ठेवला की आतल्या आत हलला पाहिजे. तुझ्या वडिलांना एवढं सांगावं लागत नव्हतं. भाऊ नुसतं माझ्या तोंडाकडे बघून वाद्य काढायचे.

शर्मिला: भाऊंच्या वेळी दुकानात दोनच वाद्यं होती, त्यातलं एक काढायला काय लागतंय? आता या बारक्या डब्यात शेकड्यांनी आवाज आहेत. हे बटण फिरवा. व्हिंटेज म्हणतात याला. सत्तर-ऐंशी सालातले ऑर्गन, पियानो, सगळे याच्यात. वाजवून बघा.

हेमा: थांब, चष्मा काढते. वाजवताना मला चष्मा चालत नाही. हं. हे ऐक.

शर्मिला: हाच का?

हेमा: जवळपास. थरथर जरा जास्त आहे. कमी होते?

शर्मिला: शेजारचं बटण. हळू फिरवा, नवं आहे.

हेमा: आता झालं. अगदी असाच होता माझा. फक्त वरची एक कळ दाबली की आधी टक वाजायचं आणि मग सूर यायचा. ते टक नाही याच्यात.

शर्मिला: वापरा दोन-चार वर्षं. टक आपोआप येतं, त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. पण काकू, खरं सांगू? मोठा घ्या. हाच आवाज मोठ्या कीबोर्डातही आहे. याच्या कळा लहान मुलांच्या बोटांच्या आहेत.

हेमा: माझी बोटं मी सांभाळते. रोज दुपारी बसेन. मला बारकाच हवा. कापडी पिशवीत मावला पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, म्हातारी नातवाचं खेळणं घेऊन आलीये.

शर्मिला: गिऱ्हाइकं उलटं मागतात. लहान असू दे, पण भारी दिसू दे म्हणतात.

हेमा: मी तुझ्या इतर गिऱ्हाइकांसारखी नाही. चार्जिंगवर चालतो ना?

शर्मिला: एकदा चार्ज केला की अख्खा कार्यक्रम निघेल. स्वतःचा स्पीकर आहे, समोर माइक ठेवला की झालं. तुमच्या भागात फार लाइट जाते का?

हेमा: लाइट जात नाही गं. लाइट घालवणारी माणसं असतात. मला प्लग त्याच्या माणसांच्या हातात द्यायचा नाही.

शर्मिला: कोणाच्या माणसांच्या? काकू, मगाचपासून ऐकतेय. खेळणं दिसलं पाहिजे, वायर नको, पिशवीत मावला पाहिजे. कुणाचा जीव घ्यायला निघालाय?

हेमा: जीव कशाला घेऊ? सूर देणार आहे. बाळ कारखानीस माहीत आहे?

शर्मिला: ऑर्केस्ट्रावाले? न माहीत असून कसं चालेल? चौकात त्यांचा फ्लेक्स लावलाय, दुकानाची पाटी झाकून. येत्या रविवारी पंचाहत्तरीचा सत्कार. शाल घेतलेले, हातात माइक आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'पंचाहत्तरीतही मूळ पट्टीत'.

हेमा: ती मूळ पट्टी मी तुला सांगते. त्याचं जे स्वतःचं गाणं आहे ना, ज्यावर तो इतकी वर्षं जगला, त्याची मूळ पट्टी काळी दोन. बसवलं तेव्हा गायला असेल चार-सहा वेळा त्या पट्टीत. पुढे अंतऱ्यात आवाज फुटायला लागला. मग स्टेजवर डावा हात पाठीमागे न्यायचा आणि बोटं खाली करायची, ही आमची खूण ठरली. मी मागे ऑर्गनवर. बोटं खाली गेली की मी पांढरी एकमध्ये उतरायचे. दीड सूर खाली. ऑर्गनची सुरावट अशी वळवून उतरायचे की समोर बसलेल्याला पत्ता लागायचा नाही.

शर्मिला: तेव्हा पट्टी बदलायचं बटण कुठलं असणार?

हेमा: बटण कसलं, सगळं डोक्यात. दिवसभर बँकेत काउंटरवर बसायचं आणि संध्याकाळी थेट टेम्पोत. मी लग्न पुढे ढकललं त्याच्या दौऱ्यांसाठी. आणि एके दिवशी मला म्हणाला, पुढचे दोन महिने कार्यक्रम नाहीत, आराम करा. आठवड्याने स्वारगेटला बससाठी उभी होते, तर समोर भिंतीवर पोस्टर. कार्यक्रम होता, माझ्या जागी दुसरा मुलगा होता.

शर्मिला: आणि तुमचा ऑर्गन?

हेमा: तो त्यांच्या टेम्पोतच राहायचा. आणायला गेले, तर जुन्या स्पीकरांबरोबर विकून मोकळा झाला होता. म्हणाला, बिघडलाच होता की, टक टक करायचा. माझ्या वडिलांनी आणलेला ऑर्गन, शर्मिला. मला एका शब्दाने विचारलं नाही.

शर्मिला: इतकी वर्षं गप्प बसलात आणि आता?

हेमा: गप्पच बसले असते. संसार झाला, रिटायर झाले, विसरलेही होते. पण गेल्या महिन्यात त्याची मुलाखत आली फोनवर. सूनबाईने दाखवली. त्यात विचारलंय, तुमच्या ऑर्केस्ट्रात एक बाई वाजवायच्या ना? तर हसून म्हणतो, त्या शोभेला होत्या हो, सूर माझा मीच धरायचो. सूनबाई मला विचारते, आई, ही शोभेची बाई म्हणजे तुम्ही का?

शर्मिला: काय म्हणालात?

हेमा: म्हटलं, हो, मीच. आणि आत जाऊन कुकर लावला. त्या दिवशी ठरवलं, याची जिरवायची. आणि बघ, चार दिवसांत त्याचाच फोन. बाकी सगळी गाणी तो कराओकेवर गातो, जावई फोनवर ट्रॅक खाली करून देतो. पण त्याच्या स्वतःच्या गाण्याचा ट्रॅक कोण बनवणार? तेव्हा शोभेची बाई आठवली. म्हणाला, हेमाताई, या की, काहीतरी छोटंसं घेऊन या वाजवायला.

शर्मिला: म्हणून छोटंसं.

हेमा: सांगितलं तसंच करणार मी. काल तालीमही झाली, पेटीवर. पांढरी एकमध्ये वाजवलं, अगदी गोड हसून. गाऊन झाल्यावर चार लोकांत म्हणतो, बघा, अजून मूळ पट्टी. मी मान डोलावली.

शर्मिला: आणि रविवारी काळी दोन.

हेमा: रविवारी काळी दोन. फ्लेक्सवर लिहिलंय तेच देणार.

शर्मिला: काकू, राग मानू नका, पण मी रोज गाणारे-वाजवणारे बघते. गाणारा फसला की शिव्या वाजवणाऱ्याला बसतात. ते सरळ म्हणतील, बाईंना जमलं नाही, त्यात खेळणं घेऊन आल्या. लोक त्यांचेच असणार. तुमच्या हातात काय राहील?

हेमा: म्हणून तर मला तो जुना आवाज पाहिजे होता. त्या हॉलमध्ये येणारी माणसं माझ्या वयाची आहेत. पहिल्या दोन सुरांत त्यांनी ओळखलं पाहिजे की हा तोच ऑर्गन आणि ही तीच बाई. नाही ओळखलं, तर तू म्हणतेस तसं तोंडावर पडेन. शोभेची होतेच, आता बेसुरीही होईन. सूनबाई समोर बसणार आहे. कळतंय मला सगळं.

शर्मिला: तरी जाणार.

हेमा: तरी जाणार. पट्टी उतरवायचं बटण कुठे आहे याचं?

शर्मिला: हे इथे. एकदा दाबलं की अर्धा सूर खाली. पण तुम्हाला उतरवायचंच नाहीये ना?

हेमा: कुठे आहे ते माहीत असावं. घालून दे पिशवीत. खोका नको.

शर्मिला: किंमत विचारली नाहीत.

हेमा: जी असेल ती देते. खरी किंमत त्याला पडणार आहे.

शर्मिला: काकू, रविवारचा एखादा पास असेल का हो?

(रविवारी संध्याकाळी. नाट्यगृहाचा रंगमंच. बाळ कारखानीस माइकसमोर. मागे टेबलाशी हेमा, तिच्या कीबोर्डपुढे दुसरा माइक.)

बाळ (माइकवर): रसिक मायबाप हो, आता शेवटचं गाणं. जे तुम्ही तुमच्या लग्नात वाजवलंत, ते. आणि साथीला कोण आहे बघा. आपल्या जुन्या हेमाताई. येताना पिशवीतून नातवाचं खेळणं घेऊन आल्यात. हसू नका, हसू नका. चालतंय. सूर काय, माझा मी धरीन.

हेमा: धरा. देते.

बाळ (माइकवर): हे काय? टाळ्या? अहो, मी अजून तोंडही उघडलेलं नाही.

हेमा: ऑर्गन ओळखला लोकांनी. सुरू करा, बाळासाहेब, तुमची जागा आली.

बाळ (हळू): हेमा, हे वर लागलंय. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्याच्या आधी उतर.

हेमा (हळू): मूळ पट्टी आहे.

बाळ (हळू): तालमीत काय होतं मग?

हेमा (हळू): तेव्हा चौकात उभं राहून फ्लेक्स नीट वाचला नव्हता मी.

बाळ (माइकवर): क्षमा करा, रसिकहो. जरा थांबतो. त्याचं काय आहे, ही असली खेळणी दिव्यांच्या उजेडात तापतात आणि सूर सरकतो. हेमाताईंचा दोष नाही. वयही झालं आता त्यांचं.

हेमा: सूर सरकलेला नाही. हा धरून ठेवलाय बघा, काळी दोन. हॉलमध्ये निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तानपुरा असेल. कोणीतरी काळी दोन लावून बघा.

शर्मिला (प्रेक्षकांतून): लावलाय, काकू. काळी दोनच आहे. केसभरही इकडे-तिकडे नाही.

बाळ (माइकवर): असं, असं. छान. अहो, मग माझाच घसा खवखवतोय जरा. हवा बदललीये ना.

हेमा: मग सुरावट पुन्हा घेते. अंतऱ्यावर या.

बाळ (हळू): हेमा, नको. हात बघ माझा. मागे बघ. बोटं दिसत नाहीत का तुला?

हेमा (हळू): दिसतायत. अकरा वर्षं तीच बघत होते, तुमचा चेहरा कुठे दिसायचा? पण आज पाठीमागची बोटं चालणार नाहीत. समोर बोला.

बाळ (हळू): समोर माझी नात बसलीय. तिच्या मैत्रिणींना घेऊन आलीये.

हेमा (हळू): माझी सून बसलीय. तुमची मुलाखत तिनेच मला दाखवली.

बाळ (हळू): अगं, ती मुलाखत म्हणजे, माणूस बोलून जातो. त्या ऑर्गनचंही चुकलं माझं, मान्य करतो. पाया पडतो तुझ्या, कार्यक्रम झाला की घरी येऊन माफी मागतो. आत्ता फक्त उतर.

हेमा (हळू): माफी तुमच्यापाशीच ठेवा. घरी येऊन मागाल आणि दारातून बाहेर पडलात की विसराल. मला जे हवंय ते या माइकवर मागा.

बाळ (हळू): काय मागू?

हेमा (हळू): रोज पाठीमागे हात नेऊन मागायचात तेच.

बाळ (हळू): सगळ्यांसमोर? पंचाहत्तरीला? एवढा डूख धरलास?

हेमा (हळू): धरला. लोक चुळबुळ करायला लागलेत, बाळासाहेब. मी हा सूर रात्रभर धरून ठेवू शकते. याला वायर नाही.

बाळ (माइकवर): रसिकहो, मंडळी, एक मिनिट. हेमाताई.

हेमा: बोला.

बाळ (माइकवर): पट्टी जरा, म्हणजे, जमलं तर, जरा खाली घेता का?

हेमा: घेते की. किती खाली?

बाळ (माइकवर): तुम्हाला माहीत आहे.

हेमा: मला माहीत आहे. यांना कुठे माहीत आहे? नेहमीइतकं घेऊ?

बाळ (माइकवर): हो. नेहमीइतकं.