पिना मीच बदलल्या

"काकांचं काम चालू असताना मेन स्विच पाडून दाखव," माझा दोस्त मुरली आदल्या दिवशी म्हणाला, आणि मी येडा, हो म्हणून बसलो! आमच्या काकांचं छपाईचं दुकान. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून स्वामीमलै गावातल्या एका लग्नाची पत्रिका जुळवत होते, आणि ते कधीच मधे सेव्ह करत नाहीत.

मुरली मागे उभा होता, मी मेन खाली ओढला. पंखा थांबला, यूपीएस टीं टीं ओरडायला लागला, पण कॉम्प्युटर चालूच! काकांनी पत्रिका सेव्ह केली, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि दारातून बघितलं. समोर कॉफीवाल्याचा पंखा मस्त फिरत होता.

"ऐयो, आपलाच करंट गेला?" म्हणत ते यूपीएसच्या मागे वाकले. "अरे, इथं मी प्रिंटर लावला होता. ही पिन कोणी बदलली?"

माझी छाती फुगली. "मीच, काका! बॅटरी फक्त या बाजूच्या सॉकेटांना मिळते. तुम्ही ती प्रिंटरला दिलेली. म्हणून मेन पाडायच्या आधी, सकाळी कॉम्प्युटर बंद असतानाच, मी पिना बदलल्या!"

"मेन कोणी पाडला?"

मागे बघितलं, तर मुरली पसार.

"तो पण मीच," मी म्हणालो. "पण पिना आधी बदलल्या ना, काका?"