गिरजाबाईंनी बदललेलं उत्तर

मंडळी, जरा पुढं सरका, एक विचारतो. घरचं दुःख परक्याला सांगावं का? आपण म्हणतो — छे, चारचौघांत अब्रू जाते. बरं. मग देवापुढं डोळे मिटून काय सांगता हो? तिथं तर गाऱ्हाणं संपता संपत नाही!

ऐका तर. खडकेवाडी नावाची डोंगरातली वस्ती. तिथल्या गिरजाबाई मोठ्या मानी. एका दुपारी त्यांच्या दारात सरकारी पाहणीवाल्या रोहिणी कसबे आल्या. दवाखान्याची सोय लोकांना मिळते का, हे त्या घरोघर विचारत होत्या. गिरजाबाईंनी चहा ठेवला. सरकार दारात आलं की आपण चहा तरी ठेवतो, नाहीतर आतून कडी तरी लावतो — खरं की नाही?

"मावशी, उपकेंद्रात नर्सबाई असतात ना?"

"असतात की."

"मागच्या वर्षात घरात कुणाचं बाळंतपण?"

गिरजाबाईंनी चहाचा कप पुढं सरकवला. "नाही झालं."

चहा घेऊन रोहिणीबाई उठल्या. त्या गेल्यावर सून शेवंता दाराशी आली. आवाज चढवला नाही तिनं. एवढंच म्हणाली, "आत्याबाई, माझं बाळ झालंच नव्हतं का?"

झालं होतं हो! गेल्या वैशाखात. उपकेंद्राला कुलूप, आणि जीप येईपर्यंत बाळ गेलं. गिरजाबाईंनीच त्याला आपल्या लुगड्यात गुंडाळलं. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव काढायचं नाही — सून रडेल म्हणून. आणि सून? ती रडतच होती, मंडळी. फक्त एकटी.

गिरजाबाई उठल्या, तशाच अनवाणी निघाल्या. हापशापाशी त्यांनी रोहिणीबाईंना गाठलं.

"बाई, मी खोटं बोलले. आमच्या घरी नातू झाला होता."

आणि सगळं सांगितलं. शेवटी भीत भीत विचारलं, "आमचं नाव सगळ्यांना कळंल का हो?"

"नाव कुणाला कळणार नाही, मावशी. पण तुमचा नातू मोजला जाईल."

हापशावरच्या बायका ऐकत होत्या. एकीनं हंडा खाली ठेवला. म्हणाली, "माझ्या लेकीचंबी सांगायचंय."

आता एका गिरजाबाईच्या बोलण्यानं सरकार हललं का? नाही, खोटं कशाला सांगू! पण वस्त्या-वस्त्यांतून अशी उत्तरं गोळा झाली, त्याचा अहवाल झाला, आणि बंद उपकेंद्रं आकड्यांत उघडी पडली. वर्षभरानं खडकेवाडीत मुक्कामी नर्सबाई आल्या. पुढं शेवंताला मुलगी झाली, त्याच उपकेंद्रात, भरदुपारी. गिरजाबाईंनी नात मांडीवर घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला एक भाऊ होता. आमच्या शेवंताचं हे दुसरं लेकरू."

शेवंता रडली. पण आता पाठीवर सासूचा हात होता.

तेव्हा मायबापहो, उद्या कुणी दारात येऊन विचारलं, तर आपली लाज झाकू नका. तुम्ही 'सगळं बरं आहे' म्हणता, तेव्हा शेजारच्या पोटुशीचा दवाखानाही बंद राहतो. खरं सांगा. तेही नामस्मरणच आहे.