बारवेतली अर्धी गोष्ट

परतूरच्या बसस्टँडवर लोकांना मुद्दाम चुकीच्या रांगेत धाडायची पुंजारामला भारी खोड. पण आज जालन्याच्या रांगेत तो पुढच्या दोघांकडं कान लावून उभा होता.

“तुळजावैनी, आपल्या घनसावंगीची बारव उपसून राह्यलो आम्ही. एकानं पायरीवर बसून गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्यानं टोपलंभर गाळ काढायचा.”

“आमच्या ह्यांची सांगितली का, कचरूभावजी?”

“कारभारीदादाची? लग्नात मुंडावळ्यासकट बारवेत उडी मारल्याची? अर्धीच सांगायचा तो. म्हणायचा, बाकीची उद्या.”

“अन् तसेच गेले.”

“आता जो तो आपला शेवट जोडून राह्यला. कोणी म्हणतं, नवरदेव पळून चालल्ता!”

“मेले कुठले! मी पाणी प्यायला वाकले अन् माझी नथ पडल्ती. हे वर आले, तं मुठीत बेडूक! भर लग्नात हसले मी. हे गेल्यापासून तसं हसूच न्हाई आलं.”

“मंग नथ?”

“गाळातच असंल. किती राह्यला गाळ?”

“दोन पायऱ्या.”

तुळजानं पिशवी उचलली अन् ती रांगेबाहेर आली.

“वैनी, जालन्याला ल्योक वाट बघत असंल.”

“बघू द्या. ए दादा, घनसावंगीची रांग कोणती?”

“ती पलीकडची, मावशी. बिलकुल खरं सांगून राह्यलो, आज.”