मुकादमाचं नाक

तंत्रज्ञ : ...म्हणून परत विचारते. तपासणीसाठी घरी दिलेली ही काडी तुम्ही स्वतःच्याच नाकात घातली होती ना?

धाकटा : मॅडम, दुसरा कोण घालू देईल?

तंत्रज्ञ : माणसाच्या नाकात जे जिवाणू राहतात, त्यातला एकही तुमच्या काडीवर धड सापडला नाही. कुत्र्याच्या नाकात राहतात ते मात्र झुंडीनं आहेत. मी दोनदा तपासलं.

धाकटा : आमच्याकडे कुत्रा आहे. मुकादम. जवळचे संबंध आहेत आमचे.

तंत्रज्ञ : किती जवळचे?

धाकटा : एका सतरंजीवर झोपतो.

तंत्रज्ञ : काडीला एक केसही चिकटला होता. तपकिरी.

धाकटा : वय झालं की नाकातले केस रंग बदलतात म्हणे.

तंत्रज्ञ : तुमचं वय?

धाकटा : सव्वीस.

तंत्रज्ञ : डॉक्टरसाहेब भलते खूश आहेत तुमच्यावर. परिषदेत भाषण करणार आहेत. घाबरू नका, नाव नाही घेणार. पडद्यावर फक्त नाकाचं चित्र असेल.

धाकटा : कोणाच्या नाकाचं?

तंत्रज्ञ : तेच विचारतेय मी मघापासून.

धाकटा : पाणी मिळेल?

तंत्रज्ञ : मिळेल. आधी उत्तर.

धाकटा : आधी मला एक सांगा. कुत्रा घरात ठेवू नका, असं डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं. ते माझ्याच रिपोर्टवरून?

तंत्रज्ञ : मग काय माझ्या? तुमच्या वडिलांना लागोपाठ दोनदा न्यूमोनिया झाला. म्हणून घरातल्यांची नाकं आणि घसे तपासायचं ठरलं. घरात तुम्ही दोघंच. तुमचं हे असं निघाल्यावर साहेब म्हणाले, कुत्रा थेट माणसाच्या नाकात बिऱ्हाड करतोय, म्हाताऱ्या छातीला ही जोखीम नको.

धाकटा : संध्याकाळी मावशी टेम्पो घेऊन येतेय त्याला न्यायला. अप्पा सकाळपासून त्याला समजावताहेत, मावशीकडे मोठं अंगण आहे म्हणून. त्याला अंगणाशी काय देणंघेणं? तो दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेणारा. म्हणून तर मुकादम.

तंत्रज्ञ : गुन्हा नसताना तडीपारी.

धाकटा : नाक त्याचंच होतं, मॅडम.

तंत्रज्ञ : हं. घ्या पाणी.

धाकटा : मी काडी नुसती समोर धरली. तो आपणहून नाक घेऊन आला. त्याला वाटलं, खायचं आहे.

तंत्रज्ञ : आणि घशाची काडी? ती तर आलीच नाही आमच्याकडे.

धाकटा : ती त्यानं खाल्ली. घशापर्यंत पोचली, असं म्हणता येईल.

तंत्रज्ञ : भीती वाटली काडीची? लाजू नका. इथं पैलवान रडून गेलेत.

धाकटा : हो. भीतीच. नाकात गुदगुल्या होतात मला.

तंत्रज्ञ : गुदगुल्यांसाठी कुणी एवढा उपद्व्याप करत नाही.

धाकटा : मी गाद्यांच्या दुकानात होतो. गिऱ्हाइकासमोर गादीवर झोपून दाखवायचं, हे काम. झोपेचा पगार घेणारा आमच्या खानदानातला मी पहिला. दुकान बंद पडलं, मी घरी आलो. एकच खोली. अप्पा खाटेवर, मी खाली. आल्या आल्या मला सर्दी झाली आणि पाठोपाठ अप्पांना न्यूमोनिया. ते बरे होऊन आले, मला परत सर्दी. ते परत दवाखान्यात. लाकडाच्या वखारीत उभा जन्म भुसा गिळला त्या माणसानं, पण कधी अंथरूण धरलं नव्हतं. मी आयतं खायला आलो तो आजार घेऊनच आलो. त्यात तुमचं पत्रक आलं. घरातल्या कुणाच्या नाकात न्यूमोनियाचे जिवाणू असू शकतात. म्हटलं, झालं. आता माझं नाव छापून येणार.

तंत्रज्ञ : म्हणून त्याचं नाक पुढे केलंत.

धाकटा : त्याचं स्वच्छ निघेल वाटलं. कुणावरच आळ नको. कुत्र्यांचे जिवाणू वेगळे असतात, हे मला काय ठाऊक?

तंत्रज्ञ : ऐका. ते जिवाणू तुमच्या नाकात असतीलही. माझ्याही असतील. बालवाडीतल्या पोरांची नाकं तपासली तर कितीतरी पोरांत सापडतात, आणि पोरं आपली खेळत असतात. नाकात असणं म्हणजे आजार नव्हे. ते भाडेकरू. बहुतेक वेळा गप पडून असतात. सर्दीचा विषाणू आला की आतलं अस्तर सुजतं, पहारा ढिला पडतो, मग त्यातले काही खाली छातीत उतरतात. काकांची छाती भुशानं आधीच दमलेली. तिला झेपत नाही.

धाकटा : म्हणजे मी दिले असतील.

तंत्रज्ञ : असतील. नाहीतर त्यांच्याच नाकात आधीपासून असतील. शेजारच्या पोरानं दिले असतील. कुणी कुणाला दिले, हे दर वेळी नाही सांगता येत. काकांना लस दिली का न्यूमोनियाची?

धाकटा : अप्पांना कुठं बसवलंय तुम्ही?

तंत्रज्ञ : बाहेर. लस दिली का?

धाकटा : पहिल्या आजारानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चौकशीला आलो. रांग बघितली आणि परत गेलो. अप्पांना सांगितलं, लस संपली. नोकरी नसलेल्या माणसाला रांगेचा कंटाळा येतो, हे कुठल्या तोंडानं सांगू?

तंत्रज्ञ : लस घेऊन आजार टळलाच असता, असं नाही. पण टळू शकला असता. ही चूक आहे तुमची.

धाकटा : हो.

(दार ढकलून अप्पा आत येतात.)

अप्पा : बारक्या, किती वेळ? मुकादमाला फाटकाशी बांधलंय, तो प्रत्येक रुग्णाला जाब विचारतोय. एक गृहस्थ कुबडी विसरून पळाले.

धाकटा : अप्पा, बसा.

अप्पा : बसवतोस म्हणजे काहीतरी निघालंय.

धाकटा : माझ्या नाकातून काही निघालं नाही. ते नाक मुकादमाचं होतं.

अप्पा : कुठलं नाक?

धाकटा : रिपोर्टमधलं.

अप्पा : बाई, हा काय बोलतोय?

तंत्रज्ञ : खरं बोलतोय, काका.

अप्पा : अरे, मी सकाळपासून त्या जनावराची समजूत काढतोय! तुझ्यामुळे माझी छाती बिघडली तरी राग नाही हो माझा, असं सांगतोय. आणि तो बिचारा मान खाली घालून ऐकून घेतोय!

धाकटा : ते मला ऐकावं लागेल, म्हणून घाबरलो.

अप्पा : काय?

धाकटा : तुझ्यामुळे, हे. आणि अजून एक. लस संपली नव्हती. रांग होती. मी परत आलो.

अप्पा : केवढी रांग?

धाकटा : जिन्यापर्यंत.

अप्पा : जिन्यापर्यंत.

धाकटा : हो.

अप्पा : दुसऱ्या खेपेला मला श्वास मिळत नव्हता, बारक्या.

धाकटा : माहीत आहे. मी तिथंच होतो.

तंत्रज्ञ : काका, डॉक्टरांना विचारून आजही घेता येईल लस. खालच्या मजल्यावर.

अप्पा : रांग आहे?

तंत्रज्ञ : आहे.

धाकटा : मी उभा राहतो. मावशीलाही कळवतो, टेम्पो नको म्हणून.

तंत्रज्ञ : आणि साहेबांना, भाषण नको म्हणून. ते तुम्हीच सांगायचं, मी नाही. आधी इथं बसा. ही नवी काडी. मान मागे.

धाकटा : अप्पा, तुम्ही बाहेर थांबा.

अप्पा : का?

धाकटा : माझ्यात निघाले तर...

अप्पा : निघू देत. तुझं नाक पुसण्यात माझे सगळे सदरे गेले. त्यात काय असतं ते मला शिकवू नकोस.

तंत्रज्ञ : मान बाजूला ओढताहेत हे. काका, जरा डोकं धरता का?

अप्पा : धरलं.

धाकटा : आई गं...

तंत्रज्ञ : हलू नका. हं. झालं. सोडा आता, काका.

अप्पा : असू दे जरा.